नावेचं नाव: एका जुन्या होडीचा फोटो आणि तिच्याभोवती जमलेली पुस्तकं

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना अडखळलेलं तेवढं काढून टाकलंय, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.)



तुमच्या फोनच्या गॅलरीत एक फोटो नक्की असणार. कोकणातला एखादा किनारा, वाळूत रुतलेली जुनी लाकडी होडी, रंगाचे पोपडे निघालेले. मागे सूर्यास्त. तुम्ही काढलेला नसेल तर फॅमिली ग्रुपवर सकाळी सातला आलेला असेल, आणि त्यावर आयुष्य, प्रवास, किनारा असलं काहीतरी लिहिलेलं असेल. जुन्या सायकलच्या फोटोवर असं कोणी लिहीत नाही. जुन्या स्कूटरवर तर नाहीच. होडी दिसली की मात्र आपल्याला तत्त्वज्ञान सुचतं.

आपल्याकडे त्याला कारण आहे. भवसागर, नाव, नावाडी, पैलतीर हे सगळं संतांपासून आपल्या बोलण्यात इतकं मुरलंय की परीक्षेत पास होणारा मुलगासुद्धा "लागली एकदाची नाव किनाऱ्याला" म्हणतो. रामाला गंगेपार नेणारा केवट आपल्याला लहानपणीच भेटतो. म्हणजे होडीच्या फोटोला कॅप्शन आपण देत नाही, ती आधीच चिकटलेली असते.

पण आज मला एका अशा होडीबद्दल बोलायचंय जिच्याभोवतीचं साहित्य रूपकात नाही, अगदी शब्दशः जमलंय. खिळ्या-स्क्रूंसकट. तिचा फोटो आहे, त्या फोटोची भानगड आहे, तिच्यात डिकन्स आहे, टी. एस. एलियट आहे, आणि शेवटी आपलं बृहदारण्यक उपनिषदसुद्धा आहे. ऐकताना फोन हातातच ठेवा आणि शोधा: "जेम्स केअर्ड, एलिफंट आयलंड, १९१६". 'केअर्ड'चा उच्चार थोडा इकडेतिकडे झाला तरी चालेल, सर्च इंजिन समजून घेतं.

मिळाला? कृष्णधवल फोटो. गोटे पसरलेला किनारा, अंगावर येणारा समुद्र, आणि एका होडीला खांदा लावून तिला पाण्यात ढकलणारी माणसं. चेहरे नीट दिसत नाहीत. तारीख २४ एप्रिल १९१६, आणि फोटो काढलाय फ्रँक हर्ली नावाच्या ऑस्ट्रेलियन फोटोग्राफरने.

पार्श्वभूमी पटकन सांगतो. अर्नेस्ट शॅकल्टन १९१४ मध्ये अंटार्क्टिका खंड एका बाजूने दुसऱ्या बाजूला पायी पार करायला निघाला. जहाजाचं नाव 'एन्ड्युरन्स', माणसं २८. जानेवारी १९१५ मध्ये वेडेल समुद्रात जहाज बर्फात अडकलं, ऑक्टोबरात बर्फाच्या दाबाने चिरडलं, आणि २१ नोव्हेंबर १९१५ ला बुडालं. (ते मार्च २०२२ मध्ये ३,००८ मीटर खोलीवर सापडलं, ती बातमी तुम्ही पाहिली असेल.) मग पाच-साडेपाच महिने तरंगत्या बर्फावर तंबू, आणि बर्फ फुटायला लागल्यावर तीन होड्यांतून कसेबसे एलिफंट आयलंडला. तिथे दगड, बर्फ, सील आणि पेंग्विन. कुठल्याही जहाजाच्या वाटेवर ते बेट नव्हतं. कोणी शोधायला येईल ही शक्यताच नाही. म्हणून शॅकल्टनने ठरवलं की एक होडी घेऊन सहा जणांनी साउथ जॉर्जिया बेटावरच्या व्हेल पकडणाऱ्यांच्या वस्तीपर्यंत जायचं. अंतर ८०० सागरी मैल, म्हणजे साधारण १,४८० किलोमीटर. जगातल्या सगळ्यात खवळलेल्या समुद्रातून, साडेबावीस फुटी होडीत.

साडेबावीस फूट म्हणजे किती? दोन मोटारी एकामागे एक लावा, आणि त्यापेक्षाही थोडी आखूडच. रुंदी सहा फूट.

आता इथे थांबू या, कारण हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. ही होडी या प्रवासासाठी बनलेलीच नव्हती. जहाजाबरोबर असते तशी उघडी होडी, वरून छप्पर नाही. तळाचा कणा एल्म लाकडाचा, पुढचा-मागचा खांब ओकचा, फळ्या पाइनच्या. तिला दक्षिण महासागरात जगवायची जबाबदारी आली एका सुताराकडे. नाव हॅरी मॅक्निश, स्कॉटलंडचा, चाळिशी ओलांडलेला, तोंडाने फटकळ.

त्याच्याकडे सामान काय होतं? खोक्यांची झाकणं, स्लेजच्या घसरपट्ट्या, थोडं कापड, आणि जुन्या वस्तूंतून उपटलेले खिळे. होडीचे काठ त्याने आधीच फळ्या लावून उंच केलेले होते. आता घसरपट्ट्या आणि झाकणांचा सांगाडा करून त्यावर कॅनव्हास ताणायचा होता. कॅनव्हास थंडीने गोठून पत्र्यासारखा कडक झालेला. तो चरबीच्या शेगडीवर धरून मऊ करायचा, तेवढ्यात सुई घालायची, परत गरम करायचा. मोठ्या लाटेवर होडीची कंबर मोडू नये म्हणून दुसऱ्या होडीची डोलकाठी काढून ती तळाशी आतून लांबवर बांधली. फळ्यांमधल्या फटी बुजवायला दिव्याची वात घेतली. वातीवर लावायला काही नव्हतं, तेव्हा मोहिमेतला चित्रकार जॉर्ज मार्स्टन याचे तैलरंग कामी आले, आणि त्यावर सीलचं रक्त.

म्हणजे चित्रासाठी आणलेले रंग कॅनव्हासवर न जाता होडीच्या फटीत गेले. मला विचाराल तर अंटार्क्टिकात काढलेलं सगळ्यात उपयोगी चित्र तेच.

शेवटी तळात वजन म्हणून सुमारे टनभर दगड भरले, म्हणजे होडी उलटू नये. चार आठवड्यांचं खाणं घेतलं. का चार? शॅकल्टनचा हिशेब साधा होता: तेवढ्यात पोचलो नाही तर आपण बुडालेलोच असू.

आणि होडीचं नाव? मराठीत 'नाव' या शब्दाची गंमत बघा, होडीही नाव आणि नावही नाव. आपल्याकडे नावेवर देवीचं, आईचं, लेकीचं नाव रंगवतात. इथे नाव होतं 'जेम्स केअर्ड'. हा स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातला तागाचा गिरणीमालक. त्याने मोहिमेला २४,००० पौंड दिले होते. बाकीच्या दोन होड्या, 'डडली डॉकर' आणि 'स्टॅनकोम्ब विल्स', यांचीही तीच गोष्ट, दोन्ही देणगीदारांची नावं. आयपीएलच्या जर्सीसारखंच. डंडीच्या गिरण्यांचा कच्चा ताग बंगालमधून जायचा, तेव्हा या होडीच्या नावात बंगालच्या शेतकऱ्याचा घामही थोडा मुरलेला आहे. आणि स्वतः केअर्ड मार्च १९१६ मध्ये वारला, होडी निघायच्या महिनाभर आधी. ज्या प्रवासामुळे आज त्याचं नाव जगाला माहीत आहे तो त्याला कधी कळलाच नाही.

सुताराचं नाव होडीवर कुठेच नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

फोटो संपतो तिथून

हर्लीबद्दल थोडं. हा माणूस फोटोसाठी काहीही करणारा. एन्ड्युरन्स चिरडल्यावर काचेच्या निगेटिव्ह बुडत्या जहाजात अडकल्या होत्या. हा कपडे काढून त्या बर्फाळ चिखलपाण्यात उतरला आणि डबे बाहेर काढले. मग प्रश्न वजनाचा. सगळ्या काचा नेता येणार नाहीत, म्हणून शॅकल्टन आणि तो बर्फावर बसले, एकेक काच बघितली, सुमारे १२० ठेवल्या आणि ४०० च्या आसपास तिथेच फोडल्या. फोडल्या कशासाठी? नंतर मन बदलून परत घ्यायचा मोह होऊ नये म्हणून. फोन स्टोरेज भरल्यावर तीन महिने 'डिलीट करू की नको' करणाऱ्या आपल्या पिढीने याच्यासमोर हात जोडावेत.

मोठे कॅमेरे तिथेच सोडावे लागले. एलिफंट आयलंडवर त्याच्याकडे उरला एक खिशातला छोटा कोडॅक आणि तीन रोल फिल्म. त्यातूनच आपला हा फोटो.

पण हर्ली त्या होडीत नव्हता. तो बेटावर मागे राहिलेल्या २२ जणांत होता. म्हणजे होडी लाटांवर चढून दिसेनाशी झाली आणि फोटोही संपले. पुढच्या सोळा दिवसांचा एकही फोटो जगात नाही. जे काही आहे ते शब्दांत आहे: शॅकल्टनचं 'साउथ' (१९१९), कप्तान फ्रँक वर्स्लीच्या आठवणी, मॅक्निशची त्रोटक डायरी. या होडीचा साहित्याशी संबंध इथून सुरू होतो, आणि तो हौसेचा नाही. दुसरा पुरावाच नाही.

वर्स्लीने जे केलं ते आपल्यासारख्या गूगल मॅपवाल्यांना थोडं सोडवून सांगायला हवं. पुण्याहून मुंबईला जाताना एक्स्प्रेसवेवर बोगद्यात शिरलं की जीपीएस तुटतं, तरी मॅपवरचा निळा ठिपका पुढे सरकत राहतो. फोन अंदाज करतो: शेवटचा वेग एवढा, दिशा ही, इतके सेकंद झाले, म्हणजे आपण साधारण इथे असणार. जहाजावर यालाच डेड रेकनिंग म्हणतात. गडबड ही की प्रत्येक छोटी चूक पुढच्या अंदाजात जमा होत जाते. ती सुधारायची तर मधूनमधून खरी जागा कळावी लागते, आणि १९१६ मध्ये त्यासाठी सूर्य दिसावा लागे. सेक्स्टंटने सूर्याची क्षितिजापासूनची उंची मोजायची, घड्याळात नेमकी वेळ बघायची, आणि कोष्टकांतून गणित करायचं.

आता अडचणी मोजा. क्षितिज लाटांआड. सूर्य ढगांआड. होडी एका जागी क्षणभरही थांबत नाही. दोघांनी वर्स्लीला कमरेला धरायचं, सूर्य दिसला की त्याने मोजमाप घ्यायचं. कोष्टकांचं पुस्तक ओलं होऊन पानं चिकटलेली. मोहीम निघाली तेव्हा चोवीस क्रोनोमीटर होते, आता चालू असलेला एक. सगळ्या प्रवासात सूर्य धड सापडला तो चारच वेळा.

आणि चूक किती चालली असती? १,४८० किलोमीटरवर दिशेत फक्त एक अंश फरक पडला तर तुम्ही सुमारे २६ किलोमीटर बाजूला जाता. पाच अंशांना १३० च्या आसपास. साउथ जॉर्जिया हे लांबट, अरुंद बेट आहे, आणि वारा पश्चिमेकडून पूर्वेला. ते हुकलं असतं तर उलटं वळून येणं शक्य नव्हतं, पुढे नुसता अटलांटिक. म्हणून त्यांनी मुद्दाम बेटाची पश्चिम बाजू धरली. म्हणजे वस्ती नसलेली बाजू. वस्तीच्या बाजूने जायला गेलो आणि वाऱ्याने पुढे ढकललं तर संपलं, त्यापेक्षा चुकीच्या बाजूला का होईना, जमिनीला लागू. प्रॉडक्शनमध्ये रात्री काम करणाऱ्या कोणालाही हा निर्णय ओळखीचा वाटेल.

दहा मे १९१६ ला ते किंग हाकॉन उपसागरात पोचले. सहाही जिवंत.

अल्बाट्रॉस, डिकन्स आणि स्क्रू

इथून होडीत पुस्तकं शिरायला लागतात.

किनाऱ्याला लागल्यावर पहिलं पोटभर जेवण कशाचं केलं? अल्बाट्रॉसच्या पिल्लांचं. इंग्रजी कविता थोडीफार वाचलेल्या कुणालाही इथे दचकायला होतं. कोलरिजची 'द राइम ऑफ द एन्शंट मरिनर' ही १७९८ साली आलेली प्रसिद्ध कविता याच पक्ष्याला मारण्याच्या पापावर उभी आहे: खलाशी अल्बाट्रॉसला मारतो आणि जहाजावर शाप ओढवतो. शॅकल्टन कवितावेडा होता, ब्राउनिंग त्याचा लाडका. पण सोळा दिवस ओल्या कपड्यांत काढल्यावर कवितेतला पक्षी आणि पातेल्यातला पक्षी वेगळे असतात.

मग त्यांनी होडी उपसागराच्या आतल्या टोकाला नेली, उलटी केली आणि तिचं घर केलं. त्या जागेला नाव दिलं 'पेगॉटी कॅम्प'. हे डिकन्सच्या 'डेव्हिड कॉपरफील्ड'मधून. त्या कादंबरीत यारमथच्या किनाऱ्यावर पेगॉटी कुटुंब एका जुन्या होडीच्या घरात राहतं, आणि छोट्या डेव्हिडला ते घर महालापेक्षा भारी वाटतं. कादंबरीच्या मूळ चित्रांत ती होडी उलटी दाखवलीय, तीच सगळ्यांच्या डोक्यात बसली. विचार करा, जगाच्या टोकाला, पाय गारठलेले, आणि यांना आठवतंय काय, तर लहानपणी वाचलेल्या पुस्तकातलं घर. आजही नकाशावर 'पेगॉटी ब्लफ' म्हणून ती जागा आहे. कादंबरीतलं आडनाव अंटार्क्टिकाच्या दारात जाऊन बसलं.

तिकडे एलिफंट आयलंडवर २२ जण उरलेल्या दोन होड्या दगडांच्या भिंतींवर उलट्या टाकून त्याखाली राहत होते. त्यांच्या वाचनाचा किस्सा तर भन्नाट. चित्रकार मार्स्टनकडे एक स्वस्तातलं पाककृतींचं पुस्तक होतं. रोज रात्री त्यातली एक पाककृती मोठ्याने वाचायची, आणि मग पेंग्विनच्या मांसाने भरलेल्या पोटांनी त्यावर चर्चा करायची. डाएट करताना रात्री एकला मिसळीचे रील्स बघणाऱ्यांनी स्वतःला दोष देऊ नये, परंपरा जुनी आहे.

परत साउथ जॉर्जियावर. वस्ती बेटाच्या दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये कधीच कोणी न ओलांडलेले बर्फाचे डोंगर. होडी आता पुन्हा समुद्रात घालण्याच्या लायकीची नव्हती, दोघंजण तर उभं राहायच्या स्थितीत नव्हते. शॅकल्टन, वर्स्ली आणि टॉम क्रीन असे तिघं चालत निघाले. मॅक्निश, व्हिन्सेंट आणि मॅकार्थी होडीखाली थांबले. निघण्याआधी सुताराने एक काम केलं. 'जेम्स केअर्ड'मधले स्क्रू काढले आणि तिघांच्या बुटांच्या तळव्यांत बसवले, बर्फावर पकड यावी म्हणून. त्याची लाकूड तासायची वाकसही त्यांनी बर्फाची कुऱ्हाड म्हणून नेली.

म्हणजे होडी समुद्रावर संपली नाही. तिचे स्क्रू डोंगर ओलांडून गेले.

चौथा माणूस

१९ मेच्या पहाटे निघालेले ते तिघं साधारण छत्तीस तासांनी, २० मेला दुपारी, स्ट्रॉमनेसच्या वस्तीत पोचले. वाटेत काय झालं हे शॅकल्टनने 'साउथ'मध्ये लिहिलंय. त्याला सारखं वाटत होतं की आपण तीन नाही, चार आहोत. तो काही बोलला नाही. नंतर वर्स्ली स्वतःहून म्हणाला की त्यालाही कोणीतरी बरोबर असल्यासारखं वाटत होतं. क्रीनचंही तेच.

अतिश्रम, झोप नाही, पांढऱ्या बर्फाशिवाय डोळ्यांना काही नाही, अशा वेळी मेंदू असं करतो. गिर्यारोहकांच्या आणि एकट्याने समुद्र ओलांडणाऱ्यांच्या अनुभवांत हे पुन्हा पुन्हा येतं आणि त्याला इंग्रजीत 'थर्ड मॅन' म्हणूनच ओळखतात. चौथा असताना तिसरा कसा झाला? तर एलियटमुळे.

टी. एस. एलियटची 'द वेस्ट लँड' १९२२ मध्ये आली. तिच्या पाचव्या भागात दोन माणसं चालतायत आणि बाजूला आणखी एक कोणीतरी दिसतोय, मोजायला गेलं की दोनच. एलियटने कवितेला स्वतः टिपा जोडल्या होत्या, त्यात तो सांगतो की या ओळी अंटार्क्टिकाच्या एका मोहिमेच्या हकिगतीवरून सुचल्या, कुठल्या ते विसरलो, बहुधा शॅकल्टनची. शॅकल्टनचे तीनाचे चार होत होते, एलियटने दोनाचे तीन केले, कारण त्याला बायबलमधली एम्माउसच्या वाटेवरची गोष्टही त्यात मिसळायची होती, पुनरुत्थानानंतर दोन शिष्यांबरोबर न ओळखता चालणारा येशू. तेव्हापासून 'तिसरा माणूस' रूढ झाला. मूळ घटनेचा आकडा कवितेने बदलला आणि लोकांनी कवितेचाच धरला.

आणि मराठी माणसासाठी खरी मेजवानी पुढे आहे. याच पाचव्या भागात एलियट थेट बृहदारण्यक उपनिषदात शिरतो. प्रजापतीने 'द' एवढंच म्हटलं, आणि देवांनी, माणसांनी, असुरांनी त्याचा आपापला अर्थ लावला, दमन, दान, दया, ती गोष्ट. कवितेचा शेवट शांतिपाठातल्या शब्दाने होतो. अंटार्क्टिकातली थकलेली माणसं आणि याज्ञवल्क्याचं उपनिषद एकाच भागात, काही ओळींच्या अंतरावर. कॉलेजात ही कविता समजत नाही म्हणून सोडून दिलेल्यांनी पाचवा भाग या दोन किल्ल्या घेऊन परत उघडावा. मला तरी तसाच थोडाफार उघडला.

आपल्याकडे हा जास्तीचा माणूस नवा नाही म्हणा. जनाबाईच्या जात्याला हात लावणारा विठ्ठल तोच. फरक इतकाच की जनाबाई त्याला नावाने हाक मारते आणि शॅकल्टन घाबरत घाबरत, बऱ्याच दिवसांनी सांगतो.

एक टीप इथेच टाकतो. 'साउथ' शॅकल्टनच्या नावावर आहे, पण त्यातला बराचसा मजकूर त्याने एडवर्ड साँडर्स या न्यूझीलंडच्या पत्रकाराला तोंडी सांगितला आणि साँडर्सने लिहून काढला. मुखपृष्ठावर साँडर्स नाही.

खरवडलेली निगेटिव्ह

आता दुसरा फोटो शोधा. हर्लीचाच. किनाऱ्यावर उभी माणसं हात हलवतायत, समोर पाण्यात एक छोटी होडी. अनेक वर्षं हा फोटो 'सुटका' म्हणून दाखवला गेला: ३० ऑगस्ट १९१६, चिलीच्या लुईस पार्दोची 'येल्चो' बोट आली आणि २२ जण वाचले, तो क्षण. होडी निघून तेव्हा १२८ दिवस झाले होते, आणि शॅकल्टनचा हा चौथा प्रयत्न होता.

प्रत्यक्षात तो फोटो २४ एप्रिलचा आहे. हात हलवणारी माणसं निरोप देतायत. फोटोत दिसणारी छोटी होडी 'स्टॅनकोम्ब विल्स' आहे, जी सामान पोचवायला ये-जा करत होती. आणि जिला निरोप दिला जातोय ती 'जेम्स केअर्ड' मूळ निगेटिव्हवर अक्षरशः खरवडून काढलेली आहे.

फोटोशॉपच्या सत्तर-ऐंशी वर्षं आधी, टोकदार हत्याराने.

हर्लीचं हे एकदाच झालं असं नाही. १९१७ मध्ये पश्चिम आघाडीवर तो अनेक निगेटिव्ह जोडून युद्धाची दृश्यं बनवायचा, आणि ऑस्ट्रेलियाचा युद्ध-इतिहासकार चार्ल्स बीन याच्याशी त्यावरून त्याचं कडाक्याचं वाजलं. बीनसाठी ते सरळ सरळ खोटं होतं. हर्लीचं म्हणणं, एका फ्रेममध्ये युद्ध मावतच नाही, जोडल्याशिवाय लोकांना कळणार कसं? दोघांत मी बीनच्या बाजूचा. फोटो जोडायला हरकत नाही, पण मग तसं सांगा. आणि इथे तर जोडलेलं नाही, खोडलेलं आहे. एआयने बनवलेले फोटो बघून 'पूर्वी कॅमेरा खोटं बोलत नव्हता' म्हणणाऱ्या काकांना हा एपिसोड जरूर पाठवा.

माझा राग थोडा वेगळ्या कारणासाठीही आहे. खोडून टाकायला त्याला सापडली कोण? ज्या होडीमुळे ते २२ जण वाचले तीच. आणि मग पुढे तिला तयार करणाऱ्या माणसाचंही जवळपास तेच झालं.

मोहिमेतल्या बहुतेकांना पोलर मेडल मिळालं. शॅकल्टनने चार नावं वगळली. त्यात दोन 'जेम्स केअर्ड'मधले: व्हिन्सेंट आणि मॅक्निश. मॅक्निशचा गुन्हा काय? डिसेंबर १९१५ मध्ये बर्फावर होड्या ओढताना तो अडून बसला. त्याचं म्हणणं असं, की जहाजच बुडालं, मग करार संपला, आता हुकूम कसला? शॅकल्टनने ते बंड मोडलं आणि कधी विसरला नाही. त्याआधी मॅक्निशची मांजर, मिसेस चिपी, जी खरं तर बोका होती, शॅकल्टनच्या हुकमाने गोळी घालून मारली गेली होती. ते सुतार विसरला नाही. दोघांचीही स्मरणशक्ती उत्तम.

नेता म्हणून शॅकल्टनला बर्फावर शिस्त लागणारच, हे मला मान्य आहे. तिथे फूट पडली असती तर सगळेच मेले असते. पण त्यानंतर चार महिन्यांनी त्याच सुताराने बांधलेल्या डेकखाली बसून तो वाचला होता. मॅनेजमेंटच्या कोर्सांत शॅकल्टन हमखास शिकवतात. शिकवताना ही चार नावंही सांगावीत.

मॅक्निश १९३० मध्ये न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला हलाखीत वारला. अंत्ययात्रा लष्करी मानाने झाली, पण कबरीवर बरीच वर्षं दगडही नव्हता. तो १९५९ मध्ये न्यूझीलंड अंटार्क्टिक सोसायटीने बसवला. सहावा माणूस, टिमथी मॅकार्थी, त्याआधीच १९१७ मध्ये महायुद्धात समुद्रावर मारला गेला होता.

आणि होडी? नॉर्वेजियन व्हेलवाल्यांनी तिला पेगॉटी कॅम्पवरून मानाने उचलून आणलं, ती इंग्लंडला गेली. शॅकल्टन जानेवारी १९२२ मध्ये साउथ जॉर्जियालाच वारला, आणि त्याच वर्षी त्याचा शाळासोबती जॉन क्विलर राउएट याने होडी त्यांच्या शाळेला, लंडनच्या डल्विच कॉलेजला, देऊन टाकली. एलियटची कविताही त्याच वर्षीची. या शाळेचे आणखी माजी विद्यार्थी कोण, तर पी. जी. वुडहाउस, रेमंड चँडलर आणि सी. एस. फॉरेस्टर. फॉरेस्टरने १९३५ मध्ये 'द आफ्रिकन क्वीन' लिहिली, तीही एका जुनाट, खडखडणाऱ्या बोटीचीच कादंबरी.

होडी अजून तिथेच आहे, गोट्यांच्या बिछान्यावर.

आजचं 'बघायचं काम' एवढंच. तीन फोटो, याच क्रमाने. पहिला, होडी ढकलतानाचा. दुसरा, तो 'सुटके'चा, जमल्यास खरवडलेल्या निगेटिव्हवरून काढलेला, म्हणजे समुद्रात होडीच्या जागचा ओरखडा दिसेल. तिसरा, वेलिंग्टनच्या कारोरी दफनभूमीतल्या मॅक्निशच्या कबरीचा. तिथे २००४ मध्ये एक ब्राँझचं मांजर बसवलंय, खऱ्या मापाचं, पाय दुमडून निवांत पडलेलं.

भेटू पुढच्या एपिसोडला.